बिनविम्याच्या गाडीची भरपाई कोणी द्यायची?

एकाच रस्त्यावर, एकाच आठवड्यात दोन पादचारी मरण पावले असे समजू. पहिल्याला उडवून गाडी पसार झाली. नंबर कोणी पाहिला नाही आणि तपासातही ती सापडली नाही. दुसऱ्याला धडक देणारा मोटारसायकलस्वार मात्र जागेवरच थांबला. पोलिसांनी पंचनामा केला, गाडी ठाण्यात आणून लावली आणि कागदपत्रे तपासताना कळले की तिचा विमा दोन वर्षांपूर्वीच संपला आहे. आपल्या कायद्यानुसार पहिल्या कुटुंबाला केंद्र सरकारच्या ‘हिट अँड रन’ योजनेतून दोन लाख रुपये मिळण्याचा हक्क आहे. 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार अशी ही रक्कम ठरली आहे. त्याआधी ती अनुक्रमे 25 हजार आणि साडेबारा हजार होती. दुसऱ्या कुटुंबाला या योजनेतून एक रुपयाही मिळत नाही, कारण धडक देणारा सापडलेला आहे. त्याच्यावर दावा लावावा, निकाल मिळवावा आणि त्याच्याकडूनच वसूल करावे, एवढेच कायदा त्या कुटुंबाला सांगतो. त्याच्याकडे देण्यासारखे काही नसेल तर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर कायद्यात नाही. दोन लाख ही रक्कम मुळातच तुटपुंजी आहे. पण तीसुद्धा ज्याला मिळत नाही तो माणूस कोणत्या दोषामुळे वगळला गेला, याचे समाधानकारक कारण मला कुठे सापडत नाही. माझे म्हणणे सरळ आहे. वाहनविमा राज्याने सक्तीचा केला आणि ती सक्ती अमलात आणण्याची यंत्रणाही राज्याच्याच हाती आहे. म्हणून ती सक्ती जिथे फसते तिथे बळी पडलेल्या माणसाला आधी सार्वजनिक निधीतून भरपाई मिळाली पाहिजे आणि मालकाकडून वसुली करण्याचे काम त्या निधीने अंगावर घेतले पाहिजे.

हा प्रश्न चार-दोन दुर्दैवी कुटुंबांपुरता नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार 2022 मध्ये देशात 4,61,312 अपघात झाले आणि 1,68,491 माणसे मेली. एकट्या महाराष्ट्रात 15 हजारांहून अधिक. विम्याबाबत संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने 2024 च्या अहवालात नोंदवले की देशातील अर्ध्याहून अधिक वाहनांना थर्ड पार्टी विमाच नाही. त्यातही दुचाकींचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. हे उघड गुपित आहे. बँकेचे कर्ज फिटेपर्यंत आणि शोरूममध्ये घेतलेली पहिली पॉलिसी चालू असेपर्यंत विमा असतो. नंतर गाडी जुनी होते, एकदा-दोनदा विकली जाते आणि विमा कधी संपला हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. निर्णय चांगला होता, पण त्याने प्रश्न पाच वर्षे पुढे ढकलला, इतकेच. 2018 च्या अखेरीस विकलेल्या दुचाकींची ती पॉलिसी 2023 मध्ये संपली. गाडी मात्र आणखी दहा-बारा वर्षे धावणार आहे, आणि तीही बहुधा गावाकडच्या अशा रस्त्यांवर जिथे कागदपत्रे तपासायला कोणी उभे नसते.

आता पैशांचा हिशेब मांडू, कारण या वादाचे मर्म तिथे आहे. मृत्यूची भरपाई कशी मोजायची हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 च्या निकालांत बरेचसे पक्के करून दिले आहे. 32 वर्षांचा, स्वतःचा छोटा धंदा करणारा, महिन्याला 15 हजार कमावणारा आणि चार माणसे ज्याच्यावर अवलंबून आहेत असा कर्ता पुरुष गेला असे धरा. भविष्यातल्या वाढीसाठी 40 टक्के मिळवायचे, म्हणजे 21 हजार. स्वतःच्या खर्चासाठी चौथा हिस्सा वजा करायचा, उरतात 15,750. वर्षाचे होतात 1,89,000. त्याच्या वयाला 16 चा गुणक लागतो, म्हणजे 30,24,000 रुपये. अंत्यसंस्कार, सहवासाचे नुकसान अशा शीर्षांखालच्या रकमा आणि व्याज वेगळे. यात उदारपणा कुठेच नाही. गेलेल्या माणसाची मिळकत घरात येत राहिली असती, तिचा हा अगदी कोरडा अंदाज आहे. या तीस लाखांची जबाबदारी विमा कंपनीने उचलावी म्हणून दीडशे सीसीपर्यंतच्या नेहमीच्या मोटारसायकलला 2022 च्या सरकारी दरपत्रकानुसार वर्षाला 714 रुपये आणि वर जीएसटी भरावा लागतो. ते 714 रुपये भरले असतील तर तीस लाख देणारी कंपनी समोर उभी असते, आणि थर्ड पार्टीच्या मृत्यूबाबत तिच्या जबाबदारीला कायद्याने वरची मर्यादा घातलेली नाही. भरले नसतील तर समोर उभा असतो तो माणूस, ज्याला 714 रुपयेसुद्धा जड झाले किंवा महत्त्वाचे वाटले नाहीत. त्याच्याकडून तीस लाख वसूल होतील असे गृहीत धरणारा कायदा त्या कुटुंबाच्या हाती फक्त कागद देतो.

वसुलीची वाट कायद्यात आहे, हे खरे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 174 नुसार मोटार अपघात दावे चालवणारे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचा दाखला देते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ती रक्कम वसूल करायची असते. दाखला तहसील कार्यालयात जातो. ज्याच्या नावावर सातबारा नाही, घर भाड्याचे आहे आणि कमाई रोजंदारीची आहे, त्याच्याकडून तलाठी काय जप्त करणार? मालमत्ता असलीच तर ती दावा चालू असताना भावाच्या किंवा बायकोच्या नावे होते. त्यातच मालकीचा गुंता असतो. आपल्याकडे जुनी गाडी विकताना टीटी फॉर्मवर सह्या घेऊन किल्ली हातात दिली की व्यवहार संपला असे दोघेही मानतात. आरटीओत नाव बदलतच नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच अनेक हात बदललेल्या गाडीच्या प्रकरणात स्पष्ट केले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. निकाल योग्य आहे, कारण अपघातग्रस्ताने खऱ्या मालकाचा माग काढत हिंडावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. पण त्यामुळे तीन वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळा झालेला एखादा शिक्षक किंवा शिपाई अचानक तीस लाखांचा देणेकरी होतो. बिनविम्याची गाडी अशी दोन घरे बुडवू शकते.

गाडी विकून पैसे उभे करण्याचाही मार्ग आहे. 13 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले की अपघातातल्या बिनविम्याच्या गाडीची, मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय सुटका करू नये आणि तीन महिन्यांत हमी मिळाली नाही तर लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणात जमा करावी, अशी तरतूद नियमांत करा. दिल्लीच्या नियमांत ती आधीपासून होती. आदेशाचा उपयोग आहे आणि प्रत्येक अपघातग्रस्त कुटुंबाने, त्याच्या वकिलाने तो पोलिसांपुढे आणि न्यायालयापुढे ठेवलाच पाहिजे. गाडी एकदा सुटली की हातातली शेवटची वस्तूही जाते. पण लिलावातून येणार किती? ट्रक असेल तर काही लाख येतील. दहा वर्षे जुन्या मोटारसायकलचे लिलावात वीस-पंचवीस हजार आले तरी खूप झाले. इतक्या पैशांत हॉस्पिटलचे पहिल्या आठवड्याचे बिलही भागत नाही. कुटुंबाने काय काय करायचे याची यादी मात्र वाढत जाते: प्रथम खबर अहवालाची प्रत मिळवायची, गाडीच्या आरसी बुकाचा आणि विम्याच्या नोंदीचा तपशील लिखित घ्यायचा, मालकाची मालमत्ता शोधून निकालापूर्वी जप्तीचा अर्ज करायचा, आणि हे सगळे घरात माणूस गेलेला असताना किंवा अंथरुणाला खिळलेला असताना करायचे. 2019 च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती एप्रिल 2022 पासून लागू झाली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तरी वाचकाने त्यावर विसंबू नये, दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा.

विमा सक्तीचा का झाला, हे इथे आठवायला हवे. गाडीमालकाचे हित पाहण्यासाठी ती सक्ती कधीच नव्हती. आपल्या गाडीचा विमा काढायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क मालकाला आहेच. म्हणून ‘फुल इन्शुरन्स’ ऐच्छिक आहे. सक्ती आहे ती फक्त थर्ड पार्टी विम्याची, म्हणजे ज्या माणसाचा त्या गाडीशी काहीही संबंध नाही आणि जो तिच्या मालकाची निवड करू शकत नाही, त्याच्यासाठी. ब्रिटनने 1930 च्या कायद्याने ही सक्ती आणली आणि काही वर्षांतच तिथल्या लोकांच्या लक्षात आले की कायदा केला म्हणून सगळे विमा काढत नाहीत. 1937 मध्ये कॅसल समितीने या भोकावर बोट ठेवले आणि 1946 मध्ये विमा कंपन्यांनी मिळून ‘मोटर इन्शुरर्स ब्युरो’ स्थापन केला. मोटार विम्याचा धंदा करायचा तर या ब्युरोचे सभासद व्हावे लागते आणि त्याच्या निधीत वर्गणी द्यावी लागते. बिनविम्याच्या गाडीने कोणाला इजा केली की ब्युरो भरपाई देतो आणि नंतर चालकाच्या मागे लागतो. आपल्याकडे 1939 च्या मोटार वाहन कायद्यात सक्तीचा विमा आला आणि त्याची तरतूद अमलात आली तीही 1946 मध्येच. ब्रिटिशांकडून आपण सक्ती घेतली, पण सक्ती फसल्यावरची व्यवस्था घेतली नाही. जपानने 1955 च्या सक्तीच्या विम्याच्या कायद्यातच बिनविम्याच्या आणि पळून गेलेल्या अशा दोन्ही गाड्यांच्या बळींना सरकारने भरपाई देण्याची सोय केली. तिथे या दोघांत भेद करावा असे कोणाला वाटले नाही, आणि तो करण्यासारखा आहे असे मलाही वाटत नाही. धडक बसलेल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर गाडी पळाली काय आणि कंगाल मालकासह सापडली काय, दोन्हींचा परिणाम एकच आहे.

आपल्या कायद्याने हे तत्त्व अर्ध्यावर का होईना मान्य केलेले आहे, आणि माझ्या युक्तिवादाचा सर्वांत भक्कम आधार तोच आहे. 1972 मध्ये विधी आयोगाने आपल्या 51 व्या अहवालात पळून गेलेल्या गाड्यांच्या बळींसाठी तरतूद सुचवली आणि 1982 च्या दुरुस्तीने त्यांच्यासाठी निधी उभा राहिला. ज्या राज्य परिवहन उपक्रमांना विमा काढण्यापासून सूट मिळते त्यांना कलम 146 नुसार भरपाईसाठी स्वतंत्र निधी ठेवावाच लागतो. म्हणजे विमा नसेल तर निधी हवाच हे संसदेला पटलेले आहे. 2019 च्या दुरुस्तीने कलम 164-बी घालून मोटार वाहन अपघात निधी निर्माण केला. त्यातून अपघातग्रस्तांवर उपचार व्हायचे आहेत. 5 मे 2025 पासून लागू झालेल्या कॅशलेस योजनेत अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार मिळतो आणि धडक देणाऱ्या गाडीला विमा आहे की नाही यावर तो अडत नाही. विमा असलेल्या गाड्यांचा खर्च कंपन्यांच्या वर्गणीतून आणि बिनविम्याच्या गाड्यांचा केंद्राच्या पैशातून भागवायचा आहे. सात दिवस राज्य त्या जखमी माणसाच्या पाठीशी उभे राहते. आठव्या दिवशी त्याचा पाय कापावा लागला किंवा तो दगावला, की तेच राज्य त्याला मोटारसायकलवाल्याच्या दारात नेऊन सोडते. उपचाराला लागू पडलेले तत्त्व भरपाईला का लागू पडू नये? कलम 164-बी मध्ये निधीच्या उपयोगांची जी यादी आहे, तिच्यात उपचार आणि हिट अँड रन यांच्याखेरीज केंद्र सरकार विहित करील अशा व्यक्तींना भरपाई देण्याचीही स्वतंत्र तरतूद आहे. दार कायद्यातच ठेवलेले आहे. ते उघडायला नवा कायदा लागत नाही.

पहिला आक्षेप नैतिक आहे आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. प्रामाणिकपणे विमा भरणाऱ्यांच्या पैशातून न भरणाऱ्यांची देणी का फेडायची? असे केले तर जे आज भरतात तेही उद्या भरणार नाहीत, असे म्हटले जाते. यात एक गल्लत आहे. निधीतून मिळणारा पैसा बिनविम्याच्या मालकाला मिळत नाही. त्याच्या गाडीखाली आलेल्याला मिळतो. मालकाचे देणे तसेच राहते, फक्त त्याच्यामागचा तगादा एका विधवेकडून उठून सरकारी निधीकडे जातो. माझ्या मते मालकाची अवस्था त्यामुळे अधिक कठीण होते. विधवेला त्याची दुसरी गाडी कुठे आहे हे कळत नाही. निधीला सरकारच्या वाहननोंदणीच्या ‘वाहन’ प्रणालीत त्याच्या नावावरची प्रत्येक गाडी दिसते. निधी त्याचे लायसन्स नूतनीकरण रोखू शकतो, गाडीचे हस्तांतरण अडवू शकतो, हप्ते बांधून वीस वर्षे वसुली करू शकतो, आणि थकत नाही. आज बिनविम्याने गाडी चालवणाऱ्याला शांतता आहे ती नेमकी यामुळे की त्याच्यासमोरचा वादी दुबळा आहे. राहिली प्रामाणिक विमाधारकांची गोष्ट. त्यांच्या हप्त्यावर एक-दोन टक्के अधिभार पडला तर तो त्यांच्यावर अन्याय ठरेल का? ते स्वतः आणि त्यांची मुलेही रस्ता ओलांडतातच. विमाधारक मोटारमालक गाडीतून उतरला की तोही थर्ड पार्टी होतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा आहे: आधी विम्याची सक्ती नीट करा, निधीची गरजच उरणार नाही. सक्ती नीट व्हावी हे मला हवेच आहे. कलम 196 खाली बिनविम्याने गाडी चालवण्याचा दंड पहिल्या वेळी दोन हजार रुपये आणि पुन्हा पकडल्यास चार हजार, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुचाकीच्या वर्षभराच्या हप्त्याहून दंड मोठा आहे, तरी तो कोणाला घाबरवत नाही, कारण पकडले जाण्याची भीतीच नाही. हेल्मेट आणि सिग्नलसाठी चौकाचौकांत कॅमेरे आणि ई-चलान चालते. त्याच कॅमेऱ्याने वाचलेला नंबर विम्याच्या नोंदीशी ताडून पाहणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. जपानमध्ये सक्तीच्या विम्याशिवाय गाडीची ठराविक मुदतीची तपासणीच पार पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2009 च्या एका निकालात सुचवले होते की रस्ता कर जसा एकदाच घेतला जातो तसा थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही गाडी विकतानाच आयुष्यभरासाठी घेण्याचा विचार व्हावा. ती सूचना आजही मला सर्वांत शहाणपणाची वाटते आणि इतकी वर्षे ती पडून राहिली याचे दुःख होते. पण हे सगळे उद्या झाले तरी आज रस्त्यावर असलेल्या कोट्यवधी बिनविम्याच्या गाड्या परवा नाहीशा होणार नाहीत. ब्रिटनमध्ये कडक तपासणी आहे, 2005 पासून पोलिसांना अशा गाड्या जप्त करण्याचा अधिकार आहे, 2011 पासून तर नोंदणीकृत गाडी न चालवताही बिनविम्याची ठेवणे गुन्हा आहे. तरीही त्यांनी आपला ब्युरो बंद केलेला नाही. शंभर टक्के अंमलबजावणी कुठेच होत नाही, आणि जो काही टक्क्यांत सापडला त्याला ‘अंमलबजावणी सुधारत आहे’ असे सांगून चालत नाही.

खोट्या दाव्यांची भीती तिसरी, आणि तिला आधार आहे. उत्तर प्रदेशात बनावट अपघात दाव्यांच्या चौकशीसाठी 2015 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाला विशेष तपास पथक नेमायला सांगावे लागले. पण अपघात दाव्यांतला एक जुना प्रकार कशातून जन्मतो ते पाहा. धडक देणाऱ्या गाडीला विमा नसतो, म्हणून कागदोपत्री दुसरीच, विमा असलेली गाडी उभी केली जाते. चालकही दुसराच दाखवला जातो. अपघात खरा, मृत्यू खरा, दुःख खरे, आणि फक्त गाडी खोटी. हे चूक आहे, त्यामुळे विमा कंपन्या खऱ्या दाव्यांकडेही संशयाने पाहतात आणि वर्षे वाया जातात. पण आजची व्यवस्थाच लोकांना त्या वाटेवर ढकलते, कारण खरे सांगितले तर हाती काही येत नाही आणि खोटे सांगितले तर घर वाचते. बिनविम्याच्या गाडीचीही भरपाई मिळणार असेल तर गाडी बदलण्याचे कारणच उरत नाही. शिवाय 2022 च्या नियमांनुसार पोलिसांनी अपघातानंतर 48 तासांत पहिला अहवाल आणि पुढे सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. गाडीचा विमा होता की नव्हता हे त्या पहिल्या दोन दिवसांतच लेखी नोंदले गेले, तर नंतर कागद रंगवायला फार जागा राहत नाही.

मला खरी धास्ती वाटते ती पैशाच्या आक्षेपाची. दक्षिण आफ्रिकेने पेट्रोल-डिझेलवरच्या अधिभारातून ‘रोड ॲक्सिडेंट फंड’ चालवला. हेतू उदात्त होता, पण दाव्यांचे डोंगर, वकिलांचा खर्च आणि ढिसाळ कारभार यांमुळे तो फंड कित्येक वर्षे कर्जाच्या खाईत राहिला आणि बळी पडलेले लोक ताटकळत राहिले. पूर्ण भरपाईचे आश्वासन देऊन ते न पाळणारा निधी आपल्याला नको. म्हणून सुरुवातीला मर्यादा असावी असे मी म्हणेन. कलम 164 मध्ये चूक कोणाची हे न पाहता द्यायची रक्कम ठरलेली आहे: मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. विमा असेल तर ती कंपनी देते. नसेल तर मालकाने द्यायची, म्हणजे बहुधा कोणीच नाही. ही रक्कम बिनविम्याच्या गाडीच्या बळींना निधीने तातडीने द्यावी, आणि निकालानंतरच्या उरलेल्या रकमेपैकी ठराविक भाग टप्प्याटप्प्याने निधीवर घ्यावा. तीस लाखांच्या जागी पाच लाख हा पूर्ण न्याय नव्हे. पण कर्ता गेलेल्या घराला पहिली दोन वर्षे मुलांची शाळा आणि किराणा चालू ठेवायला तो पुरतो, सावकाराकडे जावे लागत नाही, आणि मिळेल त्या रकमेवर मालकाशी तडजोड करून दावा सोडून देण्याची पाळी येत नाही.

ज्याला काळजी आहे त्याने स्वतःचाच अपघात विमा काढावा, असेही सुचवले जाते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मोटारमालकाच्या स्वतःच्या पॉलिसीत बिनविम्याच्या चालकाविरुद्धचे कवच असते. आपल्याकडे गाडीमालक-चालकासाठी 15 लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा आहे, आणि महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून शेतकरी कुटुंबाला अपघाती मृत्यूनंतर दोन लाख मिळतात. या गोष्टी चांगल्या आहेत आणि ज्यांना मिळतात त्यांनी त्या घ्याव्यात. पण 2022 मध्ये रस्त्यांवर मेलेल्यांत जवळजवळ प्रत्येक पाचवा माणूस पायी चालणारा होता. त्याच्याकडे गाडी नाही, म्हणून मालक-चालकाचा विमा नाही. अनेकदा त्याच्या नावावर जमीनही नाही. ऊसतोडणीच्या हंगामात अड्ड्यावरून फडाकडे पहाटे चालत निघालेल्या मजुराने, किंवा शहरात फूटपाथ नसलेल्या रस्त्याच्या कडेने कामावर जाणाऱ्या घरकामगार बाईने दुसऱ्याच्या बेपर्वाईसाठी स्वतः हप्ता भरावा, ही सूचना मला मान्य नाही. ज्याने रस्त्यावर धोका आणला त्यानेच त्याची किंमत द्यायची, हे सक्तीच्या विम्याचे मूळ तत्त्व आहे, आणि ही सूचना ते उलटे करते.

निधी उघडला म्हणून काम झाले असेही समजू नये. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिट अँड रन योजनेचा आढावा घेतला, तेव्हा दिसले की 2022 मध्ये असे 67,387 अपघात झाले असताना 2022-23 मध्ये अर्ज आले फक्त 205 आणि निकाली निघाले 95. योजना होती, पैसे होते, पण लोकांना ती माहीतच नव्हती आणि पोलिसांनी सांगितली नव्हती. न्यायालयाने तेव्हा पोलिसांनीच बळींना आणि त्यांच्या वारसांना योजनेची माहिती द्यावी असे निर्देश दिले. नव्या व्यवस्थेत याच्याही पुढे जायला हवे. कुटुंबाने अर्ज करायची वाटच पाहू नये. पोलिसांच्या पहिल्या अहवालात विमा नाही असे नोंदले गेले की तोच अर्ज समजून न्यायाधिकरणाने निधीला कळवावे. ज्यांना कायदा कळतो, वकील परवडतो त्यांच्यापर्यंतच पोहोचणारी भरपाई ही ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे त्यांच्यापासून दूरच राहते.

केंद्र सरकारने कलम 164-बी खालच्या अधिकाराचा वापर करून बिनविम्याच्या गाड्यांच्या बळींना विहित व्यक्तींच्या यादीत घालावे आणि कलम 164 मधली रक्कम त्यांना निधीतून द्यावी. अधिसूचनेचे काम आहे, संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहण्याचे नाही. महाराष्ट्राच्या खासदारांनी, पक्ष कोणताही असो, हा प्रश्न लोकसभेत आणि राज्यसभेत लावून धरावा; दर वर्षी 15 हजारांच्या घरात माणसे रस्त्यावर गमावणाऱ्या राज्याला तो इतर कोणाहून अधिक लागू आहे. राज्य सरकारने बिनविम्याच्या गाड्या हमीशिवाय न सोडण्याचा 2018 चा आदेश प्रत्येक पोलीस ठाण्यात खरोखर पाळला जातो का हे तपासावे. आणि ज्यांच्या घरासमोर जुनी दुचाकी उभी आहे त्यांनी आज तिच्या पॉलिसीवरची तारीख पाहावी, विकलेली गाडी अजून आपल्याच नावावर असेल तर आरटीओत जाऊन ती नोंद बदलून घ्यावी.